हंगामाच्या मध्यावर सुआरेझला घेणे चुकले होते का?

सिॲटल मरिनर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने २०२५च्या जुलैअखेरीस ॲरिझोनाच्या संघाकडून युहेनियो सुआरेझ या बॅटरला घेतले. तो व्यवहार फसला, असे बेसबॉलवेडी मंडळी आजही ठासून सांगतात, आणि आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत हे मान्य करायला हवे. ॲरिझोनासाठी १०६ सामन्यांत ३६ होमरन (सिक्सरसारखे मैदानाबाहेर जाणारे फटके) ठोकणाऱ्या या गड्याला सिॲटलकडून ५३ सामन्यांत १३च जमले आणि त्याची सरासरी .१८९ राहिली. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो, याचा अर्थ दर दहा प्रयत्नांत दोन हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटकेसुद्धा नाहीत. तरीही तो व्यवहार योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे.

हंगाम अर्धा सरल्यावर होमरनवाला बॅटर घ्यावा की नाही, याचे उत्तर संघात कुठली जागा लंगडी आहे आणि ती भरायला काय मोजावे लागते, यावर ठरते. सिॲटलच्या कॅल रॅलीने त्या वर्षी ६० होमरन मारले, पण तिसऱ्या बेसवर नवखा बेन विल्यमसन होता, ज्याचे क्षेत्ररक्षण पाहत राहावे असे आणि होमरन मात्र संपूर्ण हंगामात एक. बदल्यात गेले ते दोन रिलीफ पिचर (सामन्यात मागाहून येणारे गोलंदाज) आणि टायलर लॉकलियर. आदल्याच आठवड्यात जॉश नेलर आल्यामुळे लॉकलियरला पहिल्या बेसवर तशीही जागा उरली नव्हती. कोल्ट इमर्सनसारखा होतकरू खेळाडू संघाकडेच राहिला. याउलट २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने सेस्पेडेस या होमरनवाल्या बॅटरसाठी मायकेल फुल्मर हा तरुण पिचर देऊन टाकला, जो पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सेस्पेडेसने ५७ सामन्यांत १७ होमरन मारले आणि मेट्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला पोहोचले, म्हणून तो सौदाही मी चूक म्हणणार नाही. पण किंमत सणसणीत होती.

असा बॅटर रोजच्या रोज उपयोगी पडत नाही, हा आक्षेप खरा आहे. एप्रिलमध्ये अटलांटाविरुद्ध सुआरेझने एकाच सामन्यात चार होमरन मारले होते, आणि तो सामना ॲरिझोना हरले! शिवाय सिॲटलचे मैदान बॅटरांच्या बाबतीत फार कंजूस आहे. रोजच्या सामन्यांत नेलरचा उपयोग जास्त झाला, हे मीही कबूल करतो.

पण ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत समोर निवडक पिचर येतात, एकामागून एक हिट जुळवणे अवघड होते आणि एका फटक्याची किंमत वाढते. वर्ल्ड सिरीजला कोण जाणार हे ठरवणाऱ्या, टोरांटोविरुद्धच्या मालिकेतला पाचवा सामना घ्या. आठव्या इनिंगमध्ये रॅलीच्या होमरनने २-२ अशी बरोबरी झाली, पोलँको आणि नेलर यांना वॉक (चार वाइड चेंडूंमुळे फुकट बेस) मिळाले, टोरांटोचा नवा पिचर डोमिंगेझ आला आणि त्याचा चेंडू अरोझारेनाला लागला, म्हणून त्यालाही बेस मिळाला. तिन्ही बेस भरलेले असताना सुआरेझने उजव्या मैदानाकडे ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा होमरन मारला. त्याच सामन्यात त्याने आधीही एक होमरन मारला होता, म्हणजे संघाच्या सहापैकी पाच धावा त्याच्या. सिॲटल पुढचे दोन्ही सामने हरले, सातवा तर ४-३ असा, आणि वर्ल्ड सिरीज पुन्हा हुकली. परंतु त्याचे खापर या व्यवहारावर फोडणे मला पटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सुआरेझ २०२२ आणि २०२३ मध्ये सिॲटलकडेच होता. त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) फार होतात आणि पगारही वाचेल, या हिशेबाने संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला ॲरिझोनाला देऊन टाकले, जिथे त्याने पुढच्याच वर्षी ३० होमरन मारले. जाब विचारायचाच असेल, तर तो त्या नोव्हेंबरमधल्या काटकसरीबद्दल विचारावा.