कोनफ्लॉवर म्हणे ‘लावा आणि विसरा’!

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या फोनवर हा फॉरवर्ड येतोच: कोनफ्लॉवर (एकिनेशिया हे फुलझाड) म्हणजे लावा आणि विसरा, कुठल्याही मातीत येतो, कुठलाही रंग घ्या, दणकून खत घाला, सुकलेलं फूल दिसलं की कापा, आणि फुलं हिरवी पडली तर नीम तेल मारा. यातलं थोडंसं खरं आहे, तेही फक्त पर्प्युरिया या साध्या जांभळ्या जातीपुरतं.

कुठल्याही मातीत? अहो, हे झाड थंडीला घाबरत नाही, झोन ३ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यातसुद्धा तगतं, पण हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं की कुजतं. त्यामुळे छपराचं पाणी जिथे उतरतं त्या कोपऱ्यातल्या चिकणमातीत लावायचं आणि मग स्प्रिंगमध्ये थंडीला शिव्या घालायच्या, याला अर्थ नाही. मल्चचा, म्हणजे मातीवरच्या आच्छादनाचा, ढीगही बुंध्यावर नको.

‘सोटमूळ असतं, पाणी नको, हलवू नका’ असंही त्यात असतं. सोटमूळ पॅलिडा आणि अँगस्टिफोलिया या दुसऱ्या जातींना असतं, पर्प्युरियाची मुळं तंतूंसारखी, म्हणून जुना गड्डा फोडून वेगळा लावता येतो. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी द्यायलाच लागतं. आणि बियांपासून केलं तर पहिल्या वर्षी बहुतेक नुसती पानंच दिसतात, उपटू नका.

रंगाचं म्हणाल तर नर्सरीतले ते केशरी, पिवळे, पॉमपॉमसारखे डबल प्रकार बरेचसे संकरित, पिवळा रंग आला ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या पॅराडॉक्सा या जातीतून. दिसतात भारी, पण त्यातले बरेच दोन-तीन हिवाळ्यांत गायब होतात, आणि डबल फुलांवर मधमाश्याही कमी येतात, डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटरच्या चाचणीतही तेच दिसलं. खरंच लावून विसरायचं असेल तर साधा पर्प्युरिया किंवा त्याचाच ‘मॅग्नस’ हा वाण घ्या, १९९८ चा पेरेनियल प्लँट ऑफ द इयर, आणि सहसा स्वस्तही.

खत? नको. जास्त नायट्रोजनने झाड नुसतं माजतं आणि आडवं पडतं.

सुकलेली फुलं जुलैत कापली तर बहर थोडा लांबतो, मान्य. पण ऑगस्ट संपत आला की कात्री ठेवून द्या, त्या काटेरी बोंडातल्या बिया खायला गोल्डफिंच येतात, न्यू जर्सीवाल्यांनो, तुमचा राज्यपक्षी आहे तो! बाग ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून ऑक्टोबरात सगळं सपाट करायची हौस मला तरी कळलेली नाही.

आता नीम तेल. फुलं हिरवी, वेडीवाकडी आणि मधूनच पानांचे झुबके फुटलेत, म्हणजे बहुतेक ॲस्टर यलोज हा रोग. तो होतो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजंतूमुळे, तुडतुडे रस शोषताना तो पसरवतात, झाडाच्या रसवाहिन्यांत बसलेला असतो, तिथे वरून मारलेलं तेल काय करणार? इलाजच नाही. पण उपटायच्या आधी नीट बघा, फक्त बोंडावरच छोटे तुरे असतील आणि बाकी झाड ठणठणीत असेल तर तो बारीक कोळ्यांचा म्हणजे माइट्सचा उद्योग असू शकतो, तेव्हा तेवढी फुलं कापून कचऱ्यात टाकली की भागतं. सगळंच बिघडलं असेल तर मात्र मुळासकट काढा, आणि शेजारी दसऱ्यासाठी झेंडू लावला असेल तर हे आजारी झाड आजच काढा, कारण हा रोग झेंडूलाही लागतो आणि गाजरालाही.