त्याला अजून काही व्हायचंय, म्हणून तो कमी खेळाडू?

परवा शनिवारी आमची नेहमीची पाच-सहा कुटुंबं जमली होती, टीव्हीवर कॉलेज फुटबॉल चालू होतं (अमेरिकन, अंडाकृती चेंडूचं), आणि विषय निघाला एका क्वार्टरबॅकचा (म्हणजे चेंडू घेऊन पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू). पोरगा मुलाखतीत म्हणाला होता की खेळून झालं की मला स्वतःची कंपनी काढायचीये. झालं. आमच्यातले एक दादा, इथे वीस वर्षं राहिलेले, खेळ खरंच कळणारे, लगेच म्हणाले, "याचं मन खेळात नाही. याला कोणी वरच्या राऊंडला घेणार नाही." (राऊंड म्हणजे ड्राफ्टची फेरी; ड्राफ्टमध्ये व्यावसायिक टीम कॉलेजच्या खेळाडूंना नंबराने निवडतात, चांगले आधी जातात.) सगळ्यांनी होकारार्थी माना डोलावल्या. मी गप्प बसले कारण पानं वाढायची होती आणि बोलले असते तर आवाज चढला असता. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मी २०१४ ला नॉक्सव्हिलला आले, टेनेसी विद्यापीठात एमएस करायला. फुटबॉलमधलं तेव्हा ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या गावात शनिवारी दुसरं काही करताच येत नाही. नदीकाठी नेलँड स्टेडियम, एक लाखाहून जास्त माणसं, सगळी नारिंगी कपड्यात. आणि क्वार्टरबॅक होता जोशुआ डॉब्ज. हा मुलगा शिकत काय होता, तर एरोस्पेस इंजिनिअरिंग. प्रॅट अँड व्हिटनी, जिथे विमानांची इंजिनं बनवतात, तिथे त्याने इंटर्नशिपसुद्धा केली. आम्हा देशी पोरांना त्याचं केवढं अप्रूप होतं, कारण ज्या डिग्रीने आमची झोप उडवली होती तसलीच डिग्री हा माणूस प्रॅक्टिस, प्रवास, जिम सांभाळून करत होता. सप्टेंबर २०१६ ला फ्लोरिडाबरोबरची मॅच मी वरच्या मजल्यावरून बघितली. अकरा वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरत आलो होतो, हाफ टाइमला २१-३ ने मागे, आणि शेवटी ३८-२८ ने जिंकलो. त्या दुसऱ्या हाफमध्ये डॉब्जचं मन खेळात नव्हतं असं म्हणायची कोणाची हिंमत होती का?

पुढे २०१७ ला एनएफएलच्या (तिथली व्यावसायिक लीग) ड्राफ्टला तो चौथ्या राऊंडला, १३५ व्या नंबरवर गेला. मग या टीमकडून त्या टीमकडे. मधे २०२० मध्ये नासाच्या केनेडी स्पेस सेंटरला जाऊन काम शिकून आला. आणि मग २०२३ ची ती मॅच, ज्यांनी बघितली त्यांना माहितीये. ३१ ऑक्टोबरला मिनेसोटा वायकिंग्जनी त्याला ट्रेड करून घेतलं, ५ नोव्हेंबरला अटलांटात मॅच. पहिला क्वार्टरबॅक डोक्याला मार लागून बाहेर, आणि डॉब्ज आत. नव्या टीमबरोबर सरावात एक स्नॅप (एक चाल) खेळलेला नाही, सगळ्या सहकाऱ्यांची नावं पाठ नाहीत, साइडलाइनवर उभं राहून लाइनमनना, म्हणजे त्याच्यापुढे उभं राहून त्याला राखणाऱ्यांना, आपली हाक कशी असते ते समजावतोय. कोच हेडसेटमधून प्ले (पुढची चाल) सांगत होता, पण एनएफएलच्या नियमाने प्ले क्लॉकवर, म्हणजे चाल सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो हेडसेट बंद होतो. त्यापुढे माणूस एकटा. समोर अकरा जणांची बचावफळी, ती कुठून येणार ते वाचायचं, ठरवायचं, आणि चेंडू सोडायचा. २२ सेकंद उरले असताना त्याने टचडाऊनचा, म्हणजे गोलसारखे गुण मिळवून देणारा, पास टाकला आणि ३१-२८ ने जिंकवलं. मला सांगा, त्या १५ सेकंदांत कामाला काय आलं असेल? माझ्या मते तेच डोकं आलं, जे रात्री अकरा वाजता टीम हॉटेलात असाइनमेंट सोडवत बसायचं. दोन्हीला एकच शिस्त लागते. क्वार्टरबॅकचं काम अर्धं अभ्यासाचं असतं, प्लेबुक पाठ करायचं, तासन्‌तास व्हिडिओ बघायचे. आणि नेमक्या त्याच जागेवरच्या पोराला अभ्यासाची आवड निघाली की म्हणायचं याचं लक्ष नाही!

हा संशय मात्र जुना आहे, आणि फक्त आपल्या हॉलमध्ये बसून घेतला जात नाही. मायरन रोल हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू). त्याला ऱ्होड्स स्कॉलरशिप (ऑक्सफर्डला शिकायची मानाची शिष्यवृत्ती) मिळाली. त्या मुलाखतीच्या दिवशीच, नोव्हेंबर २००८ ला, टीमची मॅच मेरिलँडला होती. पठ्ठ्या बर्मिंगहॅमला मुलाखत देऊन विमानाने थेट मॅचला पोचला आणि खेळला. मग एक वर्ष ऑक्सफर्डला गेला. परत आल्यावर ड्राफ्टच्या आधी टाम्पा बे या एनएफएल टीमच्या लोकांनी त्याला विचारलं की सहकाऱ्यांना सोडून जाताना कसं वाटलं. सोडून! जसा काही पळून गेला होता. २०१० ला २०७ व्या नंबरवर टेनेसी टायटन्सनी घेतलं आणि त्याला नियमित सीझनची एक मॅच खेळायला मिळाली नाही. आज तो न्यूरोसर्जन आहे.

आता मला माहितीये कोणीतरी कमेंटमध्ये जॉश रोझनचं नाव घेणार, म्हणून आधीच बोलते. यूसीएलए या लॉस एंजलिसच्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. २०१७ मध्ये त्याने मुलाखतीत सांगितलं की फुटबॉल आणि शिक्षण एकत्र जमत नाही, दोन पूर्णवेळ नोकऱ्या केल्यासारखं होतं. त्यावरून केवढा गदारोळ. ड्राफ्टच्या आधी चर्चा एकच, याचं खेळावर प्रेम आहे का. दहाव्या नंबरवर ॲरिझोनाने घेतला, आणि पुढे चालला नाही, हे मान्य. पण कसा चालला नाही तेही बघा ना. पहिल्याच वर्षी टीम तीन जिंकली, तेरा हरली, आक्रमणाचा कोच सीझनच्या मधेच हाकलला, मुख्य कोच वर्षाअखेर हाकलला, आणि पुढच्या एप्रिलला त्याच टीमने कायलर मरे या दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन याला मायामीला पाठवून दिलं. यात त्याच्या निष्ठेचा दोष किती आणि टीमच्या निष्ठेचा किती? आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मरेला ओकलंडच्या बेसबॉल टीमने २०१८ ला नवव्या नंबरवर घेतलं होतं. दुसरं करिअर हातात होतं, ते त्याने फुटबॉलसाठी सोडलं. तरी २०२२ ला ॲरिझोनाने २३ कोटी डॉलरच्या वरचा करार देताना त्यात अट घातली की आठवड्याला चार तास स्वतः मॅचचा अभ्यास करायचा. बोंबाबोंब झाल्यावर काढली. म्हणजे दुसरी वाट ठेवणाऱ्यावर संशय, आणि दुसरी वाट सोडून आलेल्यावरही संशय. मग मोजपट्टीच चुकीची आहे.

रोझन जे बोलला ते खोटं नव्हतं, वेळेचं भांडण खरंच आहे. नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक केन कोल्टर, त्याला डॉक्टर व्हायचं होतं, हाडांचा. २०१४ मध्ये खेळाडूंच्या युनियनच्या सुनावणीत त्याने सांगितलं की सरावाच्या वेळा आड आल्या आणि मेडिकलची वाट सोडावी लागली. कॉलेज खेळांच्या नियमात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास लिहिलेत. त्याच प्रकरणातल्या निकालात सीझनमध्ये ४० ते ५० तास जातात असं नोंदवलंय. पोराने डॉक्टरकी सोडली, फुटबॉल नाही सोडलं. याला कमी निष्ठा म्हणणार? आणि ज्या खेळात ड्राफ्टला पात्र असलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी दोन टक्केसुद्धा निवडले जात नाहीत, तिथे दुसरा विचार करू नको हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

माझं हे एवढं पेटण्याचं कारण सांगते. मी खो-खो खेळायचे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पहाटे साडेपाचला मैदानावर, गुडघे कायम सोललेले, आणि खांबावरची माझी उडी चांगली होती हे माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलीही म्हणायच्या. निवड शिबिरात एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू इंजिनिअर होणार ना? मग इथे किती दिवस?" मी म्हटलं, सर, आहे तोवर पूर्ण आहे. यादीत नाव आलं नाही. माझ्यापेक्षा चांगल्या मुली होत्या म्हणून वगळलं असतं तर मी आज हे लिहिलंच नसतं. पण त्या तीन दिवसांत मी किती गडी बाद केले ते कोणी बघितलंच नाही, मी तिशीत काय करणार ते बघितलं. आईला फोनवर सांगताना रडले होते, ती म्हणाली जाऊदे बाळा, अभ्यास कर. म्हणजे दोन्हीकडून तेच.

दादांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मी लपवत नाही. दुसरं दार उघडं असलेला माणूस कधीकधी लवकर निघतो. जॉन अर्शल बाल्टिमोरला खेळता खेळता एमआयटीत गणिताची पीएचडी करत होता, २०१७ च्या जुलैत सव्वीसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या दोनच दिवस आधी तो अभ्यास छापून आला होता, ज्यात एनएफएल खेळाडूंच्या दान केलेल्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये डोक्याला वारंवार मार लागून होणारा मेंदूचा आजार (सीटीई) सापडला. अँड्र्यू लक, स्टॅनफर्डचा आर्किटेक्चरवाला, एकोणतिसाव्या वर्षी थांबला, पण तो दुखापतींनी थकला होता, इमारती बांधायला नव्हता गेला. टीमला भीती वाटते, वाटू दे, तो त्यांचा धंदा आहे. पण "हा किती वर्षं राहील" आणि "हा आज जीव ओतून खेळतो का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात टाकतो.

आणि जाता जाता फ्रँक रायन. क्लीव्हलँड ब्राऊन्सचा क्वार्टरबॅक. १९६४ च्या अंतिम सामन्यात तीन टचडाऊन पास, टीम २७-० ने विजेती. १९६५ ला राइस विद्यापीठातून गणिताची पीएचडी. आणि १९६६ ला, पीएचडी झाल्यावर, २९ टचडाऊन पास, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त.

येत्या शनिवारी सगळे पुन्हा आमच्याकडेच आहेत. दादा, तुम्ही हे वाचणार माहितीये, राग नसावा. मॅच सुरू व्हायच्या आधी अर्धा तास लवकर या, अटलांटाची ती शेवटची दोन मिनिटं लावून ठेवते, १५ सेकंद उरले की हेडसेट बंद होतो, तेव्हा डॉब्जचा चेहरा बघा आणि मग मला सांगा.