हिरवा मात्र पक्का

काल काकांनी गल्लीत उभं राहून, चार माणसांदेखत विचारलं, "काय रे, दोन महिने झाले, मासा कुठाय की?"

मासा नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी जिवाणू रुजावे लागतात, मग मासा. पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात हे सांगणार कोणाला? एक बादली आरओच्या शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन बादल्या मोरीत जातात. मग त्या गोड पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं विकतचं मीठ. "पैसे देऊन पाणी नासवतोस?" असं आई विचारते. मी दुसऱ्या खोलीत जातो.

तर काका. उभा जन्म चादरींचं सूत रंगवण्यात गेला. त्यांना शेवाळ दिसत नाही, शेड दिसते. पंधरा दिवसांपूर्वी आले, चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक लावलं (ठसा अजून आहे) आणि म्हणाले, "हा तपकिरी कच्चा." बोट फिरवलं, गेला. डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. पाण्यातल्या सिलिकेटवर पोसतात, नव्या टाकीत हटकून येतात. "हा मरून रंग नुसता वर बसलाय." नखानं टोक उचललं, तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळ नव्हेच, जिवाणू. "हिरवा मात्र पक्का." केसाळ शेवाळ, ओढलं तर दगडच वर यायला लागला. "एवढंच बघायचं होतं तर सिद्धेश्वर तलाव आहे की, फुकटात."

मी तीन रात्री फोटो मोठे करकरून जे ओळखू शकलो नाही, ते या माणसानं चहा निवायच्या आत ओळखलं. राग त्याचाच आहे.

"हे फूल झकास आलंय हं." दगडाच्या खाचेत करंगळीच्या नखाएवढं, काचेसारखं तपकिरी काहीतरी डुलत होतं. एप्टेशिया! फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जिवाणू रुजलेल्या समुद्री दगडाबरोबर, फुकट आलेली पीडा. दुकानदार म्हणाला होता, दगड एकदम स्वच्छ आहे साहेब. मी "काका, हात नका—" म्हणेपर्यंत त्यांनी चिमटीत धरून ओढलं. ते अर्धं बिळात, अर्धं पाण्यात. याचा तुकडा जिथं पडतो तिथं नवं उगवतं.

काल मोजली. सात.

यावर इलाज म्हणजे घट्ट कालवलेला चुना, सिरिंजनं थेट त्याच्या तोंडावर सोडायचा. परदेशी डब्यात तोच मिळतो, किंमत विचारू नका. आणि काकांच्या खिशात तंबाखूची चंची, चंचीत चुन्याची डबी.

"काका, जरा चुना द्या."

"कशाला?"

सांगितलं. काकांनी डबी खिशात परत ठेवली, वरून हात ठेवला.

"मी लावलेल्या फुलांना चुना? येडा का खुळा तू?"

आता गल्लीतली पोरं घेऊन येतात, दाखवायला.