कतानाचं पातं दोरीच्या भरवशावर नसतं

जपानी तलवारीच्या मुठीवरची दोरी सुटली की पातं निसटतं, असा एक मेसेज फिरतोय. तसं नाही. पातं अडवते ती ‘मेकुगी’: मूठ आणि तिच्यात शिरलेला पात्याचा भाग यांच्या आरपार ठोकलेली बांबूची छोटी खुंटी. दोरी लाकडी मुठीचे दोन भाग आवळून धरते आणि घामेजल्या हाताला पकड देते. दोरी तरी कसली, चपटी विणलेली रेशमी किंवा सुती नाडीच ती! खाली पाकट माशाचं खरखरीत कातडं, तेच शंकरपाळ्याच्या आकाराच्या खिडक्यांतून दिसतं. तिढ्यांखाली कागदाच्या इवल्या घड्या सारतात, म्हणून आकार टिकतो. नाडी सैल झाली तर मूठ नव्याने गुंडाळावीच लागते. पण तलवार उपसण्याआधी बघायची ती खुंटी.