दीड लाखांची यादी आणि वहिनीची पुरणपोळी

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटी भाच्यानेही पाठवला, खाली एक ओळ टाकून: "मामा, एवढं सगळं घ्यावंच लागतं का?" त्याला मित्रांबरोबर गडकिल्ले फिरून त्यांचे व्हिडिओ करायचेत. पैसे अर्थातच वडिलांचे.

मेसेजचा सारांश असा. घरी व्हिडिओ एडिट करायचा तर आय-नाइन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, तगडं ग्राफिक्स कार्ड, सगळं फुटेज मावेल एवढी वेगवान एसएसडी डिस्क, फोर-के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचा) मॉनिटर आणि विकतचं सॉफ्टवेअर हवंच. साध्या लॅपटॉपवर फोर-के चालतच नाही. फुकटची सॉफ्टवेअरं व्हिडिओवर आपला शिक्का (वॉटरमार्क) मारतात. बेरीज दीड लाखाच्या वर.

आधी लॅपटॉपचं बघू, कारण बाकीची सगळी यादी त्या एका वाक्यावर उभी आहे. माझा लॅपटॉप २०१९चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. वहिनी रेसिपीचे व्हिडिओ करते, ते मी कापून देतो. तिने फोनवर पुरणपोळी शूट केली ती फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं). टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) टाकून प्ले केलं तर लाटणं हवेत थांबलेलं, आवाज मात्र पुढे चाललाय, आणि एकदम पोळी तव्यावर! हे बघून कुणीही म्हणेल की मशीन गेलं, नवं घ्या.

मशीन ठीक असतं. फोन प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, खोड तिथे आहे. एच-२६४ (२००३) आणि एचईव्हीसी (२०१३) हे दोन्ही कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, जागा वाचवण्यासाठी बनलेत. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण ठेवायची आणि पुढच्या फ्रेमांमध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. सरळ बघायला हे छान. पण एडिटिंग म्हणजे पुढे-मागे करणं, मधूनच कापणं. मधली एक फ्रेम दाखवायची तर कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळा हिशोब करत यावं लागतं, आणि तेही आपण माउस हलवू तितक्या वेळा.

यावरचा उपाय फुकट आहे आणि त्याचं नाव प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक छोटी प्रत बनवतं, शक्यतो जिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असेल अशा कोडेकमध्ये. कापाकापी त्या प्रतीवर करायची, शेवटी फाइल बाहेर काढताना मूळ फोर-के क्लिप वापरली जाते. मी रात्री प्रॉक्सी लावून झोपलो. सकाळी त्याच लॅपटॉपवर लाटणं सुरळीत फिरत होतं. हा काही गरिबाचा जुगाड नव्हे, सिनेमाचे एडिटरही वर्षानुवर्षं हलक्या प्रतींवरच काम करत आलेत.

आता ग्राफिक्स कार्ड. दाबलेला व्हिडिओ उलगडायचं काम बहुतेक वेळा चिपमधला एक खास भाग करतो. इंटेलने तो २०११ पासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच दिलाय, क्विक सिंक नावाने. गंमत अशी की असेंबल करून देणारे दोन पैसे वाचवायला नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर घालतात, आणि त्यात हे ग्राफिक्सच नसतं. फोनच्या फुटेजला फरक पडत नाही, ते काम कार्ड करतं. पण कॅमेऱ्यातलं, रंगांची जास्त माहिती साठवणारं १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज आलं की पंचाईत. एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीची २०२५ मधल्या ५० मालिकेच्या आधीची कार्डं ते उलगडत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं साधं अंगभूत ग्राफिक्स उलगडतं. म्हणजे महागड्या कार्डवाला अडखळतोय आणि शेजारचा स्वस्त लॅपटॉप पळतोय, असंही होतं. कार्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अंधारातल्या फुटेजचे दाणे काढायचे असतील, रंगांवर जड काम असेल, तर त्याचे पैसे वसूल होतात. पहिल्याच दिवशी लागत नाही, एवढंच.

रॅमबद्दल मेसेज अर्धा खरा. ८ जीबी खरंच अपुरी पडते, मी स्वतः आणखी ८ टाकून १६ केली तेव्हा जीव भांड्यात पडला. ६४ची गरज घरगुती कामात मला अजून पडलेली नाही.

एसएसडीचा हिशोब तर तोंडी होतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की फोर-के, ६० फ्रेमचा एक मिनिट म्हणजे सुमारे ४०० एमबी. सेकंदाला सात एमबीसुद्धा नाही. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी सहज देते. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर असावेत हे मान्य. पण तासाला २४ जीबी या दराने साठणारं जुनं फुटेज तिथे कशाला कोंबायचं?

शिक्क्याबद्दल. दाविंची हे नाव एकेकाळी रंग दुरुस्त करणाऱ्या लाखो डॉलरच्या यंत्रणांचं होतं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली आणि पुढे तिचं दाविंची रिझॉल्व्ह, जे आज एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, फुकट द्यायला लागली. आजची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६०, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत फाइल देते, शिक्क्याविना. विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतला एखादा इफेक्ट लावलात तरच शिक्का येतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं तर मुक्तच, तिथे शिक्क्याचा प्रश्नच नाही. खोट आहे ती वेगळीच. रिझॉल्व्ह मेमरी भरपूर खातं, आणि लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच-२६४ फाइल उघडतच नाही, म्हणजे फोनचं बरंच फुटेज बाद. जुन्या लॅपटॉपवर मी आधी केडेनलाइव्ह लावून बघेन. आणि याच मेसेजच्या खाली कुणीतरी 'क्रॅक'ची, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चोरून चालवायची, लिंक हमखास टाकतो. अँटिव्हायरस बंद करून चालवायची फाइल आपल्या मशीनवर काय सोडून जाईल याची हमी कोण देणार?

मॉनिटर फोर-के नसला तरी चालतं, रंग मात्र दाखवायला हवेत. स्वस्त लॅपटॉपचे पडदे बरेचदा '४५ टक्के एनटीएससी' असतात, म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण साठ टक्केच दाखवतात. माझा तसाच. पुरणाचा पिवळा मला फिका दिसला म्हणून मी वाढवला. वहिनीच्या फोनवर पुरण झेंडूसारखं पेटलेलं! "यात मी हळद घातलीय का?" तिने विचारलं. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ आधी फोनवर बघतो. घ्यायचाच तर १०८० रिझोल्यूशनचा, पूर्ण एसआरजीबी असलेला आयपीएस पडदा (तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा) पुरे.

मला खरा राग आहे तो यादीत जे नाही त्याचा. दीड लाखात माइक नाही! चित्र थोडं मऊ असलं तर लोक बघतात, पण पंख्याची घरघर आणि रिकाम्या खोलीचा घुमारा ऐकून पहिल्या मिनिटात पळतात. पंखा बंद करून कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बोललं आणि कॉलरला एक वायरवाला माइक लावला, तर निम्मं काम झालं. फोनच्या फुटेजमध्ये काही मिनिटांनी आवाज ओठांपासून सुटायला लागला तर माइकला दोष देऊ नका. फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करत असतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ठरावीक वेगाची फाइल करून घ्या.

दुसरी डिस्कही यादीत नाही. फुटेज एकाच जागी असणं म्हणजे ते नसल्यातच जमा.

आणि मराठी. ग्रुप मराठी, पण देवनागरी टायटलबद्दल अवाक्षर नाही. प्रीमिअर प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर पैसे भरून घेतलं, 'किल्ला' टाइप केलं आणि वेलांटी भलतीकडे, 'ल'खाली हलन्त लोंबकळतोय असं दिसलं, तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. फाँट युनिकोडच वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फुकट आहे आणि छोट्या पडद्यावरही वाचता येतो.

भाच्याला मी उलटी यादी पाठवली: रॅमची एक पट्टी, कॉलर माइक, २ टीबीची साधी डिस्क.
"आणि कार्ड?"
"दहा व्हिडिओ कर. मग कुठे अडतंय ते सांग."

परवा फोन आला. तिसऱ्याच व्हिडिओला अडलं होतं. बुरुजावर उभं राहून बोललेलं सगळं वाऱ्याने नेलं. माइकवर चढवायची केसाळ टोपी मिळते, ती घे म्हटलं.