मधला सेल

नाशकात काय मिळत नाही असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, मधला सेल. मोठा मिळतो, टॉर्चचा, गॅस गिझरचा. पेन्सिल सेल तर पानटपरीवर पण मिळतो. त्याहून बारका रिमोटचा, तोही मिळतो. पण ह्यांच्या मधे जो बसतो, मोठ्यापेक्षा लहान आणि पेन्सिलपेक्षा जाडा, ज्याच्यावर नुसतं सी लिहिलेलं असतं, तो मागितला की दुकानदार असा बघतो जसं काही आपण त्याच्याकडे चाराण्याचे सुट्टे मागितलेत.

आता मला तो कशाला हवा, तर आगगाडीला. वय ४६, डोक्यावर विरळ, बीपीची गोळी चालू, आणि छंद म्हणजे खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या जमवणे. त्यातही त्या काचेच्या कपाटात ठेवायच्या, हुबेहूब, महागड्या वगैरे नाही हां. ते लोक आमच्याकडे बघत पण नाहीत. मी जमवतो त्या तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या प्लॅस्टिकच्या, पोटात सेल घालायचा, डोक्यावरचं बटण सरकवायचं की घर्रर्र करत सुटली, सोफ्याच्या पायाला धडकली तरी तिथंच घर्रर्र करत उभी. अशा माझ्याकडे एकवीस आहेत. बायको म्हणते तेवीस. ती मोजते कारण कपाट तिचं आहे.

ह्या प्रकारात जपानची प्लारेल म्हणजे आमची पंढरी. १९५९ ला ती निघाली तेव्हा निळे प्लॅस्टिकचे रूळ आणि गाडी चक्क हातानं ढकलायची, मोटर आली १९६१ ला. आणि गंमत म्हणजे त्या वेळचा रूळ आजच्या रुळाला जोडता येतो, इकडे आमच्या घरात चार चार्जर आहेत आणि एकाचा दुसऱ्याच्या फोनशी काही संबंध नाही. आठ वाकडे रूळ जोडले की पूर्ण गोल होतो आणि तो गोल म्हणे जपानी लोक खाली बसून ज्या बुटक्या टेबलावर जेवतात त्याच्यावर मावावा अशा हिशोबानं केलेला. हे वाचल्यावर मला कुठला दम निघतोय, सत्यनारायणाचा चौरंग काढला आणि मांडून बघितलं. दोन बाजूंनी जरासा बाहेर आला. तेवढ्यात आई देवघरातून आली, चौरंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कथेला रेल्वेनं जायचंय का?"

गाड्या मिळतात कुठं, तर कुठंही. बुधवारी गोदाघाटावर बाजार असतो तिथं एकदा कांद्या-बटाट्याच्या ढिगाशेजारी गोणपाटावर मिळाली होती, डबा एक आणि इंजिन शून्य. भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. कधी कॉलेज रोडला कुणाची मुलं अमेरिकेला गेलेली असतात आणि माळा साफ करायचा असतो. घेताना पहिलं काम म्हणजे खालचं झाकण उघडून बघायचं. मागच्या मालकानं सेल तसाच ठेवलेला असतो, दहा-पंधरा वर्षं, आणि तो फुटून स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पावडर धरलेली असते. अल्कलाइन सेलची असेल तर लिंबानं जाते. कापसाच्या काडीवर लिंबू घ्यायचं, लावायचं, जरा फसफसतं, मग पॉलिश पेपर मारायचा की खालून तांबूस पत्रा दिसायला लागतो. हे मी शनिवारी रात्री डायनिंग टेबलवर बसून करतो आणि मला त्याच्यात जो आनंद होतो तो घरच्यांना समजावून सांगायचं मी आता सोडलंय.

तर दिवाळीनंतर भद्रकालीत एका भंगाराच्या गाळ्यात एक काळं इंजिन सापडलं. कंपनीचं नाव घासून गेलेलं, धुराड्यावर बारके बारके दातांचे ठसे. म्हणजे कुठल्यातरी पोराला नेमकं तेव्हाच दात येत होते. बाकी एकदम तब्येतीत. स्प्रिंग साफ, गिअर फुटलेला नाही (ह्या गाड्यांच्या मोटरवरचा छोटा गिअर तडकतो आणि मग गाडी जागेवर कटकट करत बसते, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी). घरी आणलं, झाकण उघडलं, तर खोबण मधल्या सेलची.

दुसऱ्या दिवशी निघालो. शालिमारला पहिल्या दुकानात म्हणाला, "गिझरचा ना?" म्हटलं नाही, त्याच्याहून लहान. त्यानं पेन्सिल सेल ठेवला. म्हटलं त्याच्याहून मोठा. "मग गिझरचाच की!" मेन रोडला एकानं विचारलं कशाला लावायचाय, मी खरं सांगितलं, तर म्हणाला, "मुलाला नवीन घेऊन द्या ना साहेब, चार्जिंगवाल्या आल्यात." आता ह्याला काय सांगू, मुलगा सातवीत आहे, त्याला आगगाडी दाखवली तर तो दाराला कडी लावून घेतो. रविवार कारंजाला एक बाई होत्या गल्ल्यावर, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "असा सेल नसतोच" म्हणाल्या. एम. जी. रोडला मात्र एक दुकानदार समजूतदार निघाला, म्हणाला मागवून ठेवतो, नंबर लिहून घेतला. असे नंबर तोवर कितीतरी दुकानांत लिहून ठेवले होते मी, एकाचाही फोन कधी आलेला नव्हता.

शेवटी दहीपुलाजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ड्रॉवरमधून एक पेन्सिल सेल काढून माझ्या इंजिनाच्या खोबणीत आडवा ठेवला. टोकाला टोक बरोबर! म्हणजे लांबी दोघांची पन्नास मिलिमीटरच्या आसपासच, फरक नुसता जाडीचा, मधला सव्वीस आणि पेन्सिल साडेचौदा. "व्होल्टेज पण दीडच," काका म्हणाले. "टाकी लहान आहे एवढंच, लवकर संपेल. पुठ्ठा गुंडाळ आणि घाल." मी अख्खा बाजार पालथा घातला होता आणि उत्तर घरी भिंतीवरच्या घड्याळात बसलेलं होतं. पैसे विचारले तर घेतले नाहीत, फक्त गाडीला किती डबे आहेत ते विचारलं.

बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापला, सेलला गुंडाळला, घातलं. चाललं! पण चढावर मागे यायला लागलं. चाकं गरगरतायत आणि गाडी जागेवर. चाकाचं रबर गेलं असेल म्हणून फुग्याच्या मानेची चकती कापून चढवली, तरी तेच. मग रात्री डोक्यात उजेड पडला की मधला सेल चांगला जड असतो आणि हा त्याच्यापुढं पिसासारखा, इंजिनाचं वजनच गेलं म्हटल्यावर चाकं रुळाला धरणार कशी. एका पुठ्ठ्यापायी गाडीचं कुपोषण झालं होतं.

त्याच आठवड्यात सासरे आले, आण्णा. आण्णांची अख्खी नोकरी रेल्वेत, त्यातली बरीच वर्षं इगतपुरीला. मुंबईला मेव्हण्याकडे जाताना दोन दिवस आमच्याकडे. संध्याकाळी मी गुपचूप हॉलमधे चढ लावून बसलो होतो तर मागून आवाज आला, "हा चढ किती आहे?" जावई जमिनीवर पालथा पडून आगगाडीशी बोलतोय हे बघून माणूस दुसरं काहीतरी विचारेल, पण नाही. टेप आणायला लावली. चार रूळ मिळून ८६ सेंटिमीटर, खाली पुस्तकं लावून उंची ९. आण्णांनी तोंडी हिशोब केला आणि खुर्चीत मागे टेकले. "साडेनवाला एक! म्हणजे साडेनऊ पुढे गेलं की एक वर! अहो जावईबापू, कसारा घाटात ३७ ला एक आहे, तिथं १८६५ पासून गाड्या चालल्यात पण एकटं इंजिन नेत नाही कोणी. मागून बँकर लागतो, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, कसाऱ्याला जोडायचा, इगतपुरीला काढायचा. आणि तुम्ही ह्या पुठ्ठ्यावर घाट चढताय?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला आपण सस्पेंड झालोय असं वाटलं. लगेच कपाटातून दुसरं इंजिन काढलं, लाल, नशिबानं पेन्सिल सेलचं. पण घरात सेल शिल्लक नव्हता आणि आण्णा तर थांबायला तयार नाहीत, गाडी सेक्शनमधे अडकलीय म्हणतात. मी स्टूल घेतलं आणि घड्याळातला काढला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, मला चांगलं आठवतंय, नंतर बरेच दिवस तेच दिसत होतं.

पहिल्यांदा मागच्यानं इतका जोर लावला की मधले दोन डबे वर उचलले जाऊन कार्पेटवर पडले. "जास्त वेग नको, जोर पाहिजे!" आण्णा ओरडले. मग मागच्या इंजिनाला त्यांनी स्वतः एक रबरबँड आडवा लावून जरा दाबात आणलं आणि पुन्हा सोडलं. काळं पुढे, लाल मागे, मधे तीन डबे, आणि गाडी रडतखडत शब्दकोशाच्या वर पोचली. आण्णांनी हात वर केला, हिरवा बावटा धरल्यासारखा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "दोघांचं झालं की पोळ्या गरम आहेत."

दुसऱ्या दिवशी आण्णांना पंचवटी एक्सप्रेसनं जायचं होतं, रिझर्व्हेशन होतं. माणूस जुना, मोबाइलवर वेळ बघत नाही, भिंतीवरचं घड्याळ बघतो. उठले, आंघोळ केली, घड्याळात बघितलं तर पाच वीस. वा, भरपूर वेळ आहे. संध्या केली, चहा घेतला, बघितलं. पाच वीस. आज आपण फार भरभर आवरतोय असं वाटून म्हणे त्यांना बरं पण वाटलं. पेपर आला तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मग बायको उठून बाहेर आली आणि किंचाळली, "अहो, पावणेसात झाले!"

गाडी काढली, द्वारकेच्या सिग्नलपर्यंत कसाबसा पोचलो आणि आण्णांनीच शांतपणे सांगितलं, "राहू द्या. आता ती देवळालीच्या पुढे गेली असेल." चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाची आयुष्यातली पहिली चुकलेली गाडी. परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत, मी पण नाही, वाटेत मिसळ खाल्ली तेव्हा फक्त "तर्री वाढा" म्हणाले. घरी बायको मात्र बोलली. बरंच बोलली. त्याचा सारांश असा की संध्याकाळच्या आत घड्याळात सेल पडला नाही तर माझ्या तेवीस गाड्या भंगारात जातील. (एकवीस.)

म्हणून पायात चपला अडकवल्या, तेवढ्यात फोन वाजला. एम. जी. रोडचा दुकानदार. "साहेब, तुमचा मधला सेल आला ना!" मी उडत गेलो. त्यानं काउंटरवर खोकं ठेवलं. "सुट्टा कोणी देईना, म्हणून डझन मागवलेत. तुमच्याशिवाय कोण घेणार, घ्या सगळे." घेतले. तेवढ्या पैशात एक अख्खी गाडी आली असती. घरी आलो तर आण्णा कार्पेटवर बसलेले, उतारावर ब्रेक कसा लावायचा ह्याच्या विचारात. काळ्या इंजिनातला पुठ्ठा काढला, मधला सेल घातला, खटकन बसला. बटण सरकवलं आणि ती एकटी, बँकरशिवाय, साडेनवाला एक चढून गेली. आण्णांनी पुन्हा हात वर केला.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "घड्याळाचा सेल आणला का?"