मॉनिटर घेताय? आधी लावून दाखवा म्हणा

आज दुपारी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात भांडून आलेय. अजून डोकं शांत झालेलं नाही म्हणून लिहायलेय.

मागितलं काय होतं मी? मॉनिटर बॉक्समधून काढा, लावा, ब्राईटनेस पार खाली आणा आणि मला मोबाईलचा कॅमेरा धरून बघू द्या. एवढंच. तर म्हणतो, "मॅडम, सगळे स्क्रीन सेमच की ओ. ह्याच्यावर आय केअर लिहिलंय बघा." स्टिकरनं डोळे बरे होत असते तर मी डॉक्टरकडं कशाला गेले असते? चप्पल घालून बघतो, आंबा हुंगून घेतो, आणि दिवसाचे दहा तास ज्याच्याकडं बघायचं ते बॉक्सवरचं चित्र बघून घ्यायचं!

१७ वर्षं टायपिंग करतेय, बऱ्याच जणांना माहितीच आहे. बॉन्ड, वारसा अर्ज, लग्नपत्रिका, सकाळी मराठी तर दुपारी कन्नड. गेल्या वर्षी डोळ्यात वाळू गेल्यागत व्हायला लागलं. डॉक्टरनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली, पाच मिनिटं डोळे मिटून बसा म्हणाले. पट्टी भिजली ४ मिलिमीटर. १० च्या पुढं भिजायला पाहिजे होती, म्हणजे डोळ्यात पाणीच कमी.

त्याच आठवड्यात जांबोटीकडचे एक आजोबा उतारा घेऊन आले होते, सर्व्हे नंबर १३८, मी टाईप केला १८८. इंग्रजी आकड्यातला तीन मला आठच दिसला. बिचारे दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर स्क्रीनचं सांगते. बऱ्याच स्क्रीनमध्ये ब्राईटनेस कमी केला की मागचा दिवा मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत राहतो. आपल्याला दिसत नाही पण कुणाकुणाचं डोकं धरतं, माझं तर धरतंच. कॅमेऱ्याचा शटर स्पीड वाढवून बघितलं की काळे पट्टे सरकताना दिसतात. हे त्या दुकानदाराला सांगितलं तर माझ्याकडंच असं बघितलं की जसं मी काय फुकट मागायलेय.

वर म्हणतो, मोठा घ्या, सत्तावीस इंची फुल एचडी. अहो, ठिपके तेवढेच, फक्त पसरतात! चोवीस इंचीत इंचाला ९२ ठिपके, सत्तावीसमध्ये ८२ च. कन्नडमध्ये अक्षराच्या खाली बारीक ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचं दुसरं अक्षर असतं, मराठीत डोक्यावर अनुस्वार, ते फुटलं की डोळे ताणून एकटक बघावं लागतं. एकटक बघितलं की पापणी लवत नाही. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, स्क्रीनसमोर पाच-सातवर येते, आणि डोळा वाळतो तो तिथं. सत्तावीसच घ्यायचा तर क्यूएचडी, म्हणजे फुल एचडीपेक्षा जास्त ठिपक्यांचा घ्या, इंचाला १०९ ठिपके येतात. आणि काच चकचकीत नको, मॅट पाहिजे. माझ्या पाठीमागं ट्यूबलाईट आहे, जुन्या स्क्रीनमध्ये दिवसभर तीच दिसते.

आता कुणीतरी लिहिणारच, ब्लू लाईटचा चष्मा घे म्हणून. घेतलाय, ड्रॉवरमध्ये पडलाय. २०२३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्येसुद्धा (आधी झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेला अहवाल) आलंय की डोळ्याच्या ताणाला त्याचा निदान थोड्या दिवसांत तरी काही उपयोग दिसत नाही.

बरं, मान्य, पापणी लवायची आपणच, नुसत्या स्क्रीनवर ढकलून चालत नाही. फॅन तोंडावर घेऊन मीच बसत होते. स्क्रीनसुद्धा दोन पुस्तकांवर उंच ठेवलेली, ती काढली. वरची कड डोळ्याच्या जरा खाली आल्यापासून पापणी अर्धी झुकलेली राहते, डोळा कमी उघडा राहतो. फरक पडलाय.

आणि त्या दुकानदाराचंही असेल काही, बॉक्स उघडला की माल पडून राहतो. पण मग एक पीस लावून ठेवा ना! ज्यांचं पोट डोळ्यावर चालतंय त्यांनी कुठं जायचं? आमच्या वडगाव-शहापूरच्या मागावरच्या माणसांनी सूत बघून बघून डोळे घालवले, त्यांना कुणी विचारलं नाही. आता आम्ही.

जाऊ दे. त्या आजोबांचंच आठवतंय सारखं. नवीन कागद घेताना म्हणाले, "बाळ, माझी जमीन कुठं पळत नाही, तू आधी डोळ्याकडं बघ." दोन बस बदलून आलेला माणूस हो.

उद्या टिळकवाडीत दुसऱ्या दुकानात जातेय, तो फोनवर लावून दाखवतो म्हणालाय. पर्समध्ये तो १८८ वाला चुकलेला कागद घेतलाय, तोच तिथं टाईप करून बघणार.